खेड्यातल्या गरीब शाळेतली मुलं शहरातल्या मुलांपेक्षा शिकायला जास्त उत्सुक असतात का?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसतर्फे दप्तरं वाटायला एका खेड्यातल्या शाळेत गेला होतात, तिथली पोरं कान टवकारून ऐकत होती, आणि घरी तुमचा मुलगा मात्र पुस्तक दिसलं की तोंड वाकडं करतो. गरिबीत शिकायची ओढ जास्त असते का, असा तुमचा प्रश्न आहे.

माझी सगळी नोकरी बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या जिल्हा परिषद शाळांवर झाली. द्विशिक्षकी शाळा: दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते चौथी. गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जाणारी. तेव्हा जे सांगतो ते तेवढ्या पट्ट्यातलं धरा.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. पाहुणे आले की आमची पोरं तशीच ऐकतात. पाहुणा म्हणजे त्या दिवशी गणिताला सुट्टी, हाताची घडी, आणि शेवटी बिस्किटाचा पुडा. तुमची गाडी फाट्याला लागायच्या आत त्यातली चार जण बोरीच्या झाडावर असतात.

नोकरीला नवा होतो तेव्हा मीही फसलो. शाळा दहाची, पण साडेनऊला पोचलो तरी सात-आठ पोरं फाटकाशी बसलेली. घरी बायकोला कौतुकानं सांगायचो, काय ओढ आहे शाळेची! महिनाभरानं एका आजीनं सहज सांगितलं, "आवो गुर्जी, त्यांच्या आया आठलाच खुरपायला जात्यात. घराला कुलूप. पोरं जात्याल कुठं?" माझं कौतुक जागीच विरलं. पण नंतर बारकाईनं बघायला लागलो, तेव्हा दिसलं की ती पोरं नुसती बसत नव्हती. भिंतीवर रंगवलेल्या पाढ्यांवरून एकमेकांना पकडत होती. "सात आठे?" उत्तर चुकलं की पाठीत धपाटा. कुलपामुळं आली हे खरंच, पण धपाट्याचा खेळ त्यांना कुणी लावून दिला नव्हता.

खिचडीसाठी येतात, असंही कुणीकुणी नाक मुरडून म्हणतं. येईनात का. 1995 साली पोषण आहाराची योजना आली तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ घरी जायचा आणि पोर वर्गात उपाशीच बसायचं. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळेतच शिजवून द्यायला सांगितलं, ते उगाच नाही. रिकाम्या पोटी आलेल्या पोराची उत्सुकता अकरा वाजेपर्यंत पुरते. मग ते फळ्याकडं बघत नाही, चुलीच्या धुराकडं बघतं.

आता खरी उत्सुकता कशी दिसते ते सांगतो. ती शहाण्या मुलासारखी हाताची घडी घालून बसत नाही. बऱ्याचदा मास्तरला तिचा तापच होतो.

तिसरीत एक मुलगी होती. धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायची, तो माझ्या टेबलाखाली झोपायचा. मुलींच्या उपस्थिती भत्त्याचा रोजचा एक रुपया तिच्या नावावर पडत होता. 1992 साली सुरू झालेला भत्ता, मी नोकरीला लागलो तेव्हाही एक रुपयाच होता. त्या रुपयासाठी ती नक्कीच येत नव्हती. तिच्या दप्तरात पुस्तकांपेक्षा लग्नपत्रिका जास्त असायच्या. घरात छापील कागद म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर आणि आढ्याला खोचलेल्या पत्रिका, एवढाच. पत्रिकेच्या तळाशी ती 'किलबिल' असते ना, "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!" आणि खाली घरातल्या बारक्या पोरांची नावं? एका पत्रिकेत तिचं नाव छापून आलं होतं. ते नेमकं कुठलं, हे शोधता शोधता ती वाचायला लागली. बालभारतीचं पुस्तक घेऊन मी जून महिन्यापासून घसा कोरडा करत होतो, काम त्या पत्रिकेनं केलं.

मग सुरू झाले प्रश्न.

"सर, चि. म्हंजी?"

"चिरंजीव."

"आन् चि. सौ. कां.?"

सौभाग्याची इच्छा करणारी, असं मी सांगितलं. तिनं विचारलं, "मग नवरदेवाला न्हाई का कसली इच्छा?" वर्ग हसला, मी हसलो, आणि उत्तर न देता पुढचा धडा काढला. दुसऱ्या दिवशी ती मोजूनच आली. निमंत्रकांची सदतीस नावं होती. "सर, ह्यात एक बी बाई न्हाई. भाकरी तर त्याच थापित्यात."

पस्तिशीतल्या माझ्यासारख्या माणसानं आयुष्यात शेकडो पत्रिका हातात घेतल्या असतील. मी कधी मोजलं नव्हतं.

त्यानंतर मी सगळ्या वर्गालाच पत्रिका आणायला सांगितल्या. ढीग पडला. गावांची नावं, वार, तारखा, मुहूर्ताचे तास-मिनिटं, आपल्या गावाहून ते गाव किती लांब, सगळा अभ्यास त्यातच. कोऱ्या बाजूवर हातच्याची वजाबाकी. एक पोरगं पत्रिकेतल्या शुद्धलेखनाच्या चुका काढायला शिकलं आणि छापखान्यापेक्षा स्वतःला शहाणं समजायला लागलं. (होतंही.)

आणि मग दसरा येतो.

आमच्याकडं वर्ष जूनला सुरू होतं आणि दसऱ्याला मोडतं. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, ट्रॅक्टर दारात लागतो. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांची मुलं मागं राहतात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय होते. पण या मुलीची आजी आदल्या साली वारली होती. शिवाय आईबाप पहाटे उसाच्या फडात गेल्यावर कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, भावाला सांभाळणार कोण? म्हणजे ती जाणारच. मी तिला शिक्षण हमी पत्रक भरून दिलं. ते दाखवलं की तिकडच्या शाळेनं तिला बसवून घ्यायचं असतं. पण शाळा असते गावात, कोप्या असतात माळावर, टोळी फड बदलत राहते, आणि कडेवर भाऊ असतोच. साखर कारखान्यांवर एके काळी तोडणीवाल्यांच्या पोरांसाठी साखरशाळा निघाल्या होत्या. त्या हळूहळू मिटत गेल्या.

गुढीपाडव्याच्या सुमाराला पोरं परत येतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं सापडलं. दिवाळीआधी जोडाक्षरं घडाघडा वाचणारा एक मुलगा परत आला तो भिंतीला चिकटून बसायला लागला. पुस्तक पुढं केलं की "डोकं दुखतंय". एक साहेब शाळाभेटीला आले, त्यांनी त्याला उभं केलं, तो गप्प. शेरा पडला: विद्यार्थी अध्ययनात रस घेत नाही. रस कुठंही गेला नव्हता. पाच महिन्यांत मात्रा-वेलांट्या पुसट झाल्या होत्या, आणि दुसरीतली पोरगी आपल्यापुढं फाडफाड वाचते याची त्याला लाज वाटत होती. लाज वाटणारं पोर बाहेरून अगदी आळशी पोरासारखंच दिसतं. मीही सुरुवातीची काही वर्षं त्यात गल्लत केली, दोघा-तिघांना छडीही लावली. आता आठवलं की बरं वाटत नाही.

त्याच मुलाला मधल्या सुट्टीत मी विचारलं, गाडी कशी भरतात? तो जो सुटला! एका मोळीचं वजन साधारण किती, गाडीत किती मोळ्या बसतात, काट्यावर किती टन भरलं, उचलीतले किती फिटले, किती अंगावर राहिले, सगळं तोंडी. चौथीच्या पुस्तकातलं गणित त्याला डोक्यात येत होतं, फक्त कागदावर मांडता येत नव्हतं. मग तो सांगायचा आणि मी फळ्यावर मांडायचो. पंधरा दिवसांनी खडू त्याच्या हातात गेला.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात अशा मुलाला वयानुसार वर्गात घ्या आणि मागं राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्या, असं लिहिलेलं आहे. चांगलं कलम आहे. ते विशेष प्रशिक्षण म्हणजे आमच्या शाळेत मी, दोन वर्ग सांभाळून आणि वरून मागवलेली माहिती त्याच दिवशी ऑनलाईन भरून.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढं कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथली आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, तर त्यांनी बालवाडी पाड्यावरच्या अंगणात भरवली. मोठी मुलं गुरं राखायला जात, म्हणून कुरणातच शाळा, कुरणशाळा. या मुलांना शिकायची ओढ नाही, असं म्हणून मोकळं होणं त्या काळी फार सोपं होतं. आम्हाला अजून फडशाळा काही नीट जमलेली नाही.

आता तुमच्या मुलाबद्दल. त्याला उत्सुकता नाही हे मी तुमच्या एका वाक्यावरून मानणार नाही. तो मोबाईलवर नेमकं काय बघतो, कुठल्या प्रश्नाला तुम्ही "नंतर सांगतो" म्हणालात, ते एकदा आठवून बघा. आणि एक विनंती: "बघ, त्या पोरांकडं काही नाही तरी कशी शिकतात!" असं त्याला सुनावू नका. त्यानं तो तर शिकणार नाहीच, आणि आमची पोरंही कुणाला खजील करायला ठेवलेली नाहीत. त्यांच्याकडं काही नाही म्हणून ती शिकत नाहीत. काही नसल्यामुळं त्यांचं मधेच तुटतं.

पुन्हा जाणार असाल तर दप्तरं नकोत, घरोघरी तीन-तीन पडलीत. गोष्टींची पुस्तकं न्या, आणि गुरुजींना सांगून या की फाटली तरी चालतील. पुस्तक फाटलं तर भरून द्यावं लागेल या धास्तीनं आमच्यातले बरेच जण ती कपाटात कुलूप लावून ठेवतात.

ती पत्रिकावाली मुलगी पाडव्यानंतर आठ दिवसांनी आली. भाऊ आता चालत होता. त्या साली त्यांची टोळी कर्नाटकात गेली होती. आल्या आल्या तिनं दप्तरातून एक चुरगळलेली पत्रिका काढून टेबलावर ठेवली. "सर, ही वाचा." पत्रिका अख्खी कन्नडमध्ये. मी म्हणालो, मला नाही येत. तिला ते खरंच वाटेना, सराला अक्षरं येत नाहीत म्हणजे काय! मग तिनंच एका अक्षरावर बोट ठेवलं. "हे म हाय. तिथल्या पोरीनं सांगितलं. बाकीची सांगायच्या आत आमची गाडी निघाली."

मला अजून तेवढंच कन्नड येतं.