चौकाला रस्ते किती लागतात?

प्रश्न असा आहे: जिथे तीनच रस्ते मिळतात तिथे पालिकेने ‘अमुक चौक’ अशी पाटी लावली, तर ती चुकली का? आणि त्याच जागेला मुंबईत सगळे नाका का म्हणतात?

पाटी चुकलेली नाही. ‘चौक’ आला संस्कृत ‘चतुष्क’वरून, पण ते चार म्हणजे रस्तेच असले पाहिजेत, असं कुठे आहे? वाड्याच्या मधली चौरस मोकळी जागाही चौकच, आणि तिथे तर एकही रस्ता येऊन मिळत नाही. चार वाटांसाठी खास ‘चव्हाटा’ होता. पण त्यावर आता फक्त घरची भांडणं येतात. वडिलांच्या नावाचा चव्हाटा कोणाला चालेल? तीन वाटांना कोकणात तिठा म्हणतात (झारापचा प्रसिद्धच आहे), कोल्हापुरात तिकटी: मिरजकर तिकटी, पापाची तिकटी.

आम्ही मुंबईकर मात्र रस्ते मोजायच्या भानगडीत पडत नाही. नाका म्हणजे मुळात जकातीची किंवा पहाऱ्याची जागा. मुंबईतली जकात जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा गेली, नाके मात्र जागच्या जागी आहेत. खरं तर शब्दाने जकातीचा नाद कधीच सोडला होता. सकाळी थापी, ओळंबा, रंगाचे वाळून कडक झालेले ब्रश पिशवीत घालून माणसं मुकादमाची वाट बघत उभी असतात, ते ‘नाका कामगार’. संध्याकाळी त्याच कठड्यावर टवाळ पोरं बसतात, ती ‘नाक्यावरची’. चौकात उभं राहिलं तर भाषण ऐकावं लागतं. नाक्यावर उभं राहिलं तर काम मिळतं, नाहीतर टाइमपास होतो.

पाटी आणि तोंड यांचं फारसं जमत नाही, ते वेगळंच. संत गाडगे महाराज चौक म्हटलं तर टॅक्सीवाला क्षणभर आरशातून बघतो आणि विचारतो, “म्हणजे सातरस्ता ना?” नावात चौक, जमिनीवर सात रस्ते! ठाणेकर त्या मानाने चोख. तीन हात नाका म्हणून मोकळे झाले.

तेव्हा पत्ता लिहिताना चौक लिहा, रिक्षावाल्याला नाका सांगा. पोलिसांची नाकाबंदी तेवढी चौकात असली तरी नाकाबंदीच.