बाबांच्या मूत्राशयाच्या गाठीच्या रिपोर्टमध्ये ‘हाय ग्रेड, टी१’ आणि ‘पी५३ स्ट्राँग पॉझिटिव्ह’ आलंय. ते हर्णैला बोटीवर असतात, बिडी ओढतात. म्हणजे कॅन्सर पसरणार का?

नुसत्या या एका ओळीवरून तसं म्हणता येत नाही. मी रत्नागिरीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये गाठींच्या स्लाइड तयार करते. उपचार तुमचे युरोसर्जनच ठरवतील, पण या ओळीचा बरेच जण उलटा अर्थ लावतात, म्हणून सविस्तर लिहिते.

पी५३ हे मुळात पेशीचं राखणदार प्रथिन. डीएनए बिघडला की ते पेशीची वाढ थांबवतं, दुरुस्ती होणारच नसेल तर तिला मरायला लावतं. निरोगी पेशीत ते तयार होतं आणि लगेच मोडलंही जातं, त्यामुळे आमच्या तपासणीत फारसं दिसत नाही. त्याच्या जनुकात बिघाड झाला की निकामी प्रथिन मोडेनासं होतं, केंद्रकात साठतं आणि स्लाइडवर गडद तपकिरी दिसतं. म्हणजे राखणदार भरपूर आहेत असं वाटतं, पण बहुधा ते निकामी झालेले असतात. काही गाठींत ते अजिबातच दिसत नाही, तोही बिघाडच.

गाठ वाढणं वेगळं आणि पसरणं वेगळं. एफजीएफआर३ या प्रथिनात बदल झाला की पेशींना बाहेरून संदेश नसतानाही वाढत राहण्याची सूचना मिळते. अशा गाठी मूत्राशयाच्या पोकळीत वाढतात, काढल्या तरी पुन्हा येतात, पण सहसा खोल शिरत नाहीत. पी५३ बिघडलेल्या गाठींचा कल आत शिरण्याकडे जास्त. स्नायूत शिरलेल्या जवळपास निम्म्या गाठींत हा बिघाड सापडतो. त्यात पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन कमी झालं, तर त्या सुट्या होऊन पुढे सरकू शकतात.

तरीही पी५३ पॉझिटिव्ह असलेली प्रत्येक गाठ पसरत नाही. उपचार ठरतो तो मुख्यतः ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात) आणि खोलीवरून. तुम्ही ‘हाय ग्रेड, टी१’ लिहिलंय, म्हणजे गाठ अस्तराखाली गेली आहे, स्नायूत गेलेली दिसलेली नाही. पण तपासलेल्या तुकड्यात स्नायू आला होता का, हे रिपोर्टमध्ये बघा. आला नसेल तर खोली नक्की कळलेलीच नाही. अशा गाठीत साधारण २ ते ६ आठवड्यांत दुर्बिणीतून पुन्हा तुकडा घेतात. स्नायू मोकळा निघाला तर बहुतेकांना मूत्राशयात बीसीजी (क्षयाच्या लसीतले कमजोर केलेले जंतू) देतात, सुरुवातीला आठवड्याला एक असे ६ डोस.

बाबा हर्णैला बोटीवर असतात आणि बिडी ओढतात म्हणालात. बिडी आजच सुटायला हवी, तंबाखूचा धूर हे या कॅन्सरचं सर्वांत मोठं कारण आहे. बोटीवरच्या बाकीच्यांनाही सांगा: लाल लघवी झाली, दुखलं नाही, तरी ‘उन्हाळी लागली’ म्हणून कोकम सरबतावर दिवस काढू नका.

दुसऱ्या मतासाठी मुंबईला जाणार असाल तर नुसता कागद नेऊ नका. लॅबकडून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक (ज्यात गाठीचा तुकडा बसवलेला असतो) मागून घ्या. तिथले डॉक्टर ते स्वतः तपासतात, आणि पुढची प्रथिनांची किंवा जनुकांची तपासणीही त्याच ब्लॉकवर होते.