प्रागितिहास नेमका कुठे संपतो?

प्रश्न : पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या लोकांच्या) वस्तीला कुठे ‘प्रागैतिहासिक’, तर कुठे ‘आद्य-ऐतिहासिक’ म्हटलेले दिसते. बरोबर काय? मुलांच्या पुस्तकांत डायनोसॉरही ‘प्रागैतिहासिक’ असतात, ते चालेल का? – एक वाचक, शिरूर

उत्तर : डायनोसॉरचे आधी उरकून घेऊ. ते सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाले. बोलण्याच्या ओघात चालून जाते, पण पुरातत्त्वातला प्रागितिहास माणसाचा : पहिल्या दगडी हत्यारांपासून लेखन सुरू होईपर्यंतचा.

इनामगावची मेख वेगळी आहे. प्रागितिहासाची हद्द सनावर नाही, लेखनावर ठरते. म्हणून ती प्रदेशागणिक सरकते. मेसोपोटेमियात ती इ.स.पू. ३२००च्या आसपास येते. आपल्याकडे वाचता येणारे लेखन सोपाऱ्याच्या अशोककालीन शिलालेखात दिसते, ते इ.स.पू. तिसऱ्या शतकातले. इनामगाव त्याआधीच, इ.स.पू. ७००च्या सुमारास, ओस पडले होते. तिथे घरातल्या जमिनीखाली लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून, आडवी ठेवून पुरलेले आढळते. प्रौढांची पावले घोट्याखाली तोडलेली. का तोडली, हे सांगणारी एक ओळही कुणी लिहून ठेवलेली नाही. हाडे, मडकी आणि मातीचे थर यांवरूनच अंदाज बांधायचा. या अर्थाने ‘प्रागैतिहासिक’ म्हणणारा चुकत नाही.

तरीही आम्ही ‘आद्य-ऐतिहासिक’ लिहू. हडप्पा संस्कृतीकडे लिपी होती, पण ती अजून निर्विवादपणे वाचता आलेली नाही. अशा अर्धवट उजेडातल्या काळासाठी ‘आद्य इतिहास’ हा मधला कप्पा आहे आणि भारतीय पुरातत्त्वात तांबे वापरणाऱ्या शेतकरी वस्त्याही बहुधा त्यातच घालतात. प्रवराकाठच्या दायमाबादला तर जोर्वे संस्कृतीच्या, म्हणजे इनामगावसारख्याच शेतकरी वस्तीच्या, थरांखाली उत्तर हडप्पाकालीन (हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्यातला) थर आहे. नेवाशाजवळच्या चिरकीची दगडी हातकुऱ्हाड मात्र निःसंशय प्रागैतिहासिक.

लिहिताना नाम ‘प्रागितिहास’, विशेषण ‘प्रागैतिहासिक’. ‘प्रागैतिहास’ हे रूप सर्रास छापले जाते, पण ते चूक. शक्य तिथे प्रदेश आणि युगही सांगावे. ‘महाराष्ट्रातील पुराश्मयुग’ (जुने अश्मयुग) म्हटले की अर्थ पक्का होतो. नुसत्या ‘प्रागैतिहासिक काळात’ने लाखो वर्षे एका पोत्यात जातात.

कार्बन-१४ च्या, म्हणजे सेंद्रिय अवशेषांतल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढण्याच्या पद्धतीच्या, अहवालांतले ‘बी.पी.’ (बिफोर प्रेझेंट) म्हणजे इ.स. १९५० पासून मागे मोजलेली वर्षे. अंशशोधन केलेली (कार्बनची वर्षे प्रत्यक्ष वर्षांशी जुळवून घेतलेली) ३००० बी.पी. ही तारीख इ.स.पू. १०५०च्या आसपासची, ती ‘इ.स.पू. ३०००’ अशी उतरवली की वस्ती एका फटक्यात दोन हजार वर्षांनी म्हातारी होते.

कोकणातल्या कातळशिल्पांबाबत जपून लिहावे. जांभ्यावर नुसत्या कोरलेल्या रेषेत सेंद्रिय कार्बन नसतो, त्यामुळे तिचे वय कार्बन-१४ पद्धतीने थेट काढता येत नाही. शैली, चितारलेले प्राणी, आसपास सापडणारी हत्यारे यांवरून काळ सुचवला जातो. तिथे ‘प्रागैतिहासिक असावीत’ एवढेच लिहावे, नेमका आकडा ठोकून देऊ नये.