कोंबडीच्या पिल्लांना गाऊट (शरीरात यूरिक अ‍ॅसिड साचण्याचा आजार) होऊ नये म्हणून आंबवलेला वनौषधी अर्क कितव्या दिवसापासून द्यावा?

पहिल्या आठवड्यात देऊच नका.

आम्ही पुनर्नवा आणि गोखरू गुळात आंबवून तो अर्क थेट पाण्याच्या टाकीत घालायचो. काकांचा त्यावर फार विश्वास. एका बॅचला दुसऱ्याच दिवशी सुरू केला. पाचव्या दिवशी मेलेली पिल्लं गोळा करायला घमेलं लागलं. एक उघडून पाहिलं, तर हृदयावर आणि यकृतावर खडूची भुकटी फासल्यासारखा पांढरा थर, मूत्रपिंडं सुजून फिकट पडलेली. काका म्हणाले, अर्क कमी पडतोय, दुप्पट कर. मी केला. मर आणखी वाढली.

शेवटी पाइप सोडवला. आत बोटाला लागेल असा बुळबुळीत चिकटा. गूळ आणि खमीर पाइपमध्ये गेलं की हे होणारच. लांबच्या टोकाच्या निपलमधून (पिल्लं चोचीने दाबून पाणी पितात ती तोटी) थेंब येत नव्हता, आणि मेलेली बहुतेक पिल्लं त्याच टोकाची होती. पक्ष्यांच्या शरीरात यूरिक अ‍ॅसिड मोडणारं एन्झाइमच नसतं. ते मूत्रपिंडातून बाहेर पडलं तरच सुटका. पाणी तुटलं की ते आत साचतं. औषध म्हणून घातलं त्यानेच आम्ही पिल्लांचं पाणी तोडलं.

पुढच्या बॅचला पाइप धुतले, अर्क बंद केला. गाऊट दिसला नाही. काका आजही म्हणतात, आधीच्या अर्काचा गुण. ज्या पिल्लांनी तो चाखलाच नाही त्यांना गुण कसा लागला, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

द्यायचाच असेल तर दुसऱ्या आठवड्यानंतर, गाळून, वेगळ्या भांड्यात, दोन-तीन तासांत संपेल इतकाच. प्रमाण सांगणार नाही, कारण दोन ड्रमांतला अर्क कधी सारखा निघत नाही. बुरशी दिसली तर सगळा ओतून द्या. बुरशीची काही विषं मूत्रपिंडच खातात. आणि खाद्याची पोती तपासा. लेअर खाद्यात (अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या) कॅल्शियम 3.5 ते 4 टक्के असतं, पिल्लांना 1 टक्क्याच्या आसपास पुरतं; जास्तीचं मूत्रपिंडावर पडतं.

वनौषधी वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. पाणी, खाद्य ठीक असूनही पांढरा थर दिसला तर इन्फेक्शियस ब्रॉन्कायटिस या विषाणूजन्य रोगाचे मूत्रपिंडावर जाणारे प्रकार किंवा अ‍ॅस्ट्रोव्हायरस असू शकतो. तिथे माझं पाणीही पुरणार नाही आणि काकांचा अर्कही. ताजी मेलेली पिल्लं घेऊन त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जा.