डलास की न्यू जर्सी: बंदुकीचा कायदा आधी व्हिसाचा, मग राज्याचा

तुमचा प्रश्न असा आहे: एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मंजूर झालाय, टेक्सासातलं डलास आणि न्यू जर्सीतलं एडिसन दोन्हीकडे नोकरी मिळतेय, कॉलेजात असताना एनसीसीत रायफल चालवलीय, आणि टेक्सासात परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं असं ऐकलंय. मग बायकोमुलांच्या सुरक्षेच्या दृष्टीने टेक्सास बरं का? मी आधी जर्सीत राहिलो, आता डलासजवळ राहतो, म्हणून सविस्तर लिहितो.

राज्यांची तुलना करण्याआधी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवायला फेडरल कायद्याचीच मनाई आहे. टेक्सास असो वा न्यू जर्सी, हा नियम सगळीकडे सारखा. मोडलात तर शिक्षा १५ वर्षांपर्यंत होऊ शकते, आणि बंदुकीसंबंधी गुन्हा सिद्ध झाला तर देशाबाहेर काढण्याचं ते स्वतंत्र कारण ठरतं. ग्रीन कार्ड मिळालं की ही आडकाठी राहत नाही. एक अपवाद आहे: एखाद्या राज्याचा चालू शिकारीचा परवाना जवळ असेल तर मनाई लागू होत नाही. ऑफिसातले मित्र हा मार्ग हमखास सुचवतील. माझं स्पष्ट मत, इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. परवान्याची मुदत संपली, नोकरी गेली, व्हिसाचा दर्जा बदलला, की तीच बंदूक गुन्हा होऊन बसते.

शूटिंग रेंजवर मित्रांबरोबर अर्धा तास जाण्यालाही हेच लागू आहे. भाड्याची बंदूक हातात घेतली तरी ती ‘जवळ बाळगणं’च. फ्लोरिडात एका परदेशी विद्यार्थ्याला अभ्यासात मागे पडला म्हणून विद्यापीठाने काढलं, त्याचा व्हिसाचा दर्जा संपला, आणि नंतर तो रेंजवर जाऊन गोळ्या झाडून आला. एवढ्यावर फेडरल खटला झाला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, आणि आपला दर्जा संपलाय हे आरोपीला ठाऊक होतं हेही सरकारने सिद्ध करायला हवं, असं कोर्टाने २०१९ मध्ये ठरवलं. तोवर त्या मुलाची कितीतरी वर्षं त्यात गेली होती.

आता राज्यं. टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र नसलेल्या कुणालाही परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते. उघड बाळगायची तर होल्स्टरमध्ये, म्हणजे बंदुकीच्या म्यानात हवी. तरीही बरेच लोक राज्याचा परवाना काढतात, कारण तो इतर अनेक राज्यांत चालतो. दुकानांच्या, दवाखान्यांच्या दारावर ३०.०६, ३०.०७ असे कायद्याच्या कलमांचे आकडे असलेल्या, बंदूक आत आणायला मनाई करणाऱ्या पाट्या दिसतील. पहिली लपवून आणलेल्या हँडगनसाठी, दुसरी उघड बाळगलेल्या. अक्षरं किमान एक इंच उंच, मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत असावा लागतो. जिथली निम्म्याहून जास्त कमाई दारूवर आहे त्या बारबाहेर लाल ‘५१%’ची पाटी असते, आणि तिथे बंदूक न्यायला बंदी.

न्यू जर्सीत सगळंच उलट. आधी बंदूक खरेदीदाराचं ओळखपत्र, मग प्रत्येक हँडगनच्या खरेदीला वेगळी परवानगी, आणि ती घेऊन फिरायला आणखी एक परवाना. पूर्वी तो सामान्य माणसाला जवळजवळ मिळतच नसे. जून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कची ‘खास कारण दाखवा’ ही अट रद्द केली आणि जर्सीलाही दार उघडावं लागलं. पण लगेच डिसेंबरात राज्याने नवा कायदा करून बंदूक नेता न येण्याच्या जागांची मोठी यादी केली. कोर्टकज्जे अजून चालू आहेत. तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे जर्सीत छर्र्यांची एअर गनसुद्धा कायद्याने ‘फायरआर्म’ आहे, तेव्हा ती सामानात टाकून आणू नका. स्वसंरक्षणाचा पेपर स्प्रे चालतो, पण पाऊण औंसापर्यंतचाच.

एका राज्याचा परवाना शेजारच्या राज्यात चालेलच असं नाही, हे तर इथे जन्मलेल्यांनाही महागात पडतं. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक महिला पेनसिल्व्हेनियाचा रीतसर परवाना आणि पिस्तूल घेऊन जर्सीत आली. पोलिसांनी गाडी थांबवल्यावर तिने आपणहून सगळं सांगितलं, आणि तिला अटक झाली. किमान तीन वर्षांच्या सक्तीच्या शिक्षेची टांगती तलवार होती. अखेर २०१५ मध्ये गव्हर्नरनी माफी दिली.

मग तुमच्या रोजच्या जगण्यात फरक कुठे पडतो? शेजाऱ्याच्या बंदुकीने. टेक्सासात ट्रॅफिक पोलीस गाडीजवळ येतो तो आत बंदूक असेल हे धरूनच. आपल्याकडे गाडीतून उतरून साहेबांशी बोलायला जातात, ते इथे कधीच करायचं नाही. काच खाली, रात्र असेल तर आतला दिवा चालू, दोन्ही हात स्टीअरिंगवर. कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये असतील तर ‘काढू का?’ असं विचारून, हो म्हटल्यावरच हात न्या.

पार्टीला जाताना घर नंबर दोनदा तपासा. १९९२ मध्ये लुईझियानात बॅटन रूजला एक जपानी विद्यार्थी हॅलोविनच्या पार्टीचं घर समजून चुकीच्या दारात गेला, आणि घरमालकाने त्याला गोळी घातली. घरमालक खटल्यातून निर्दोष सुटला.

आणि मुलं मित्राकडे खेळायला जातील तेव्हा त्यांच्या आईवडिलांना विचारा: घरात बंदूक आहे का, असेल तर कुलपात असते का? टेक्सासात १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती निष्काळजीपणाने भरलेली बंदूक लागली तर तो गुन्हा आहे, पण तो गुन्हा नोंदला जातो तेव्हा व्हायचं ते बऱ्याचदा होऊन गेलेलं असतं. सुरुवातीला असं विचारणं आगाऊपणाचं वाटेल. आम्ही ॲलर्जी विचारतात त्याच ओघात, फोनवरच विचारतो. बहुतेक लोक बिनदिक्कत सांगतात. कुणाला राग आलाच तर मुलांना आपल्या घरी खेळायला बोलवा.