पाण्याने फुगलेलं वुडन फ्लोअरिंग घासून सरळ होईल का?

प्रश्न : आमचं छत्रपती संभाजीनगरला बैठं घर आहे. नळाला पाणी कित्येक दिवसांआड येतं. कोरडी तोटी उघडी राहिली, रात्री पाणी सुटलं आणि सकाळी बेडरूममध्ये तळं. तिथं कोब्यावर चिकटवलेलं इंजिनिअर्ड वुडन फ्लोअरिंग (खाली प्लाय, वर खऱ्या लाकडाचा पातळ थर) आहे. पट्ट्यांच्या कडा वर आल्यात, सांधे काळे पडलेत. सुतार म्हणतो, घासून पॉलिश मारू. मारू द्यावं का?

उत्तर : ताई, आत्ता अजिबात घासू देऊ नका. पट्टी खालून ओली आणि वरून सुकलेली असते, म्हणून ती पन्हाळीसारखी वळते. आज कडा घासून सपाट केल्या, तर पूर्ण वाळल्यावर त्याच कडा खाली बसतील आणि मध्यभाग फुगीर दिसेल. शिवाय वरचा खऱ्या लाकडाचा थर जेमतेम दोन ते चार मिलिमीटरचा. घासता घासता खालचा प्लाय उघडा पडायचा.

स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेली पट्टी, काढा, पंखा चालू ठेवा, खोली वाळू द्या. मग बोटाच्या पेराने पट्टी पट्टी वाजवून बघा. पोकळ वाजली म्हणजे गोंद सुटलाय. कडेला प्लायचे पदर सुटलेले दिसले तर ती पट्टी गेली, तिच्यावर खर्च करू नका.

काढताना नुसती पहार घालून उचकटायला गेलं की कोब्याचे टवके निघतात. कटरचं पातं पट्टीच्या जाडीएवढंच ठेवून आडवे काप घ्यायला सांगा, वीतभर अंतरावर. मग रुंद पटाशी जवळजवळ आडवी धरून ठोकायची, तुकडे सुटत जातात. राहिलेला गोंद खरवडायचा, नाहीतर ग्राइंडरने काढायचा. धूळ फार उडते, मास्क हवाच. बंद खोलीत थिनर किंवा पेट्रोल ओतून गोंद विरघळवायचा उद्योग कुणालाही करू देऊ नका, आग लागते.

आता खरी गोष्ट. लोक लाकूड बघतात, कोबा बघत नाहीत. तो वरून पांढरा दिसला तरी आत ओल धरून असतो, आणि नवी पट्टी त्याच ओलीने पुन्हा वळते. दीड फूट चौकोनी प्लास्टिक कोब्यावर ठेवा, चारही कडा टेपने घट्ट बंद करा आणि दुसऱ्या दिवशी उचला. खाली थेंब किंवा काळपट डाग दिसला तर थांबा. कोरडं निघालं तरी काम देण्याआधी ओल मोजायचं मीटर लावून घ्या, कारण प्लास्टिक खोलवरची ओल सांगत नाही. मिस्त्री घाई करेल, तुम्ही करू नका. भिंतीपलीकडे मोरी असेल तर तिथून पाझरतंय का, तेही बघा.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात कोबा लवकर वाळतो, ही जमेची बाजू. पण मे महिन्यात लाकूडही आकसलेलं असतं आणि श्रावणात ते फुगतं. म्हणून नव्या पट्ट्यांच्या पेट्या बसवण्याआधी काही दिवस त्याच खोलीत ठेवा आणि भिंतीलगत १० ते १२ मिलिमीटर फट सोडायला लावा. ती स्कर्टिंगखाली झाकते. कोब्यावर दोन मीटरची सरळ मोजपट्टी आडवी ठेवून तिच्याखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त खळगा दिसला, तर आधी तो भरून घ्या.

थोडाच कोपरा खराब असेल तर तेवढाच बदला, मात्र उन्हाने उतरलेल्या जुन्या रंगाशी नवा जुळणार नाही. खराब पट्ट्या खोलीभर पसरल्या असतील तर पूर्ण खोलीच करा, आणि एक पेटी जास्तीची घेऊन माळ्यावर ठेवा.