रात्री तीनला तुम्ही गॅलरीत काय करत होता?

पत्र: ताई, चिंचवडला राहतो, वय 46. मुलगा दहावीत. मानेवर काळा पट्टा दिसला म्हणून स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी शुगर तपासायला लावली, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) 6.1 आली. प्रीडायबेटीस म्हणाले. माझ्या वडिलांचा पाय डायबेटीसमुळे कापावा लागला होता त्यामुळे मी हे फार सिरियसली घेतलंय. फ्रीजवर डाएट चार्ट लावला, साखर-मैदा बंद, फरसाणच्या कपाटाला कुलूप. पण हा ऐकतच नाही. सातव्या मजल्यावरून लिफ्टशिवाय उतरत नाही, सायकल धूळ खात पडलीय. परवा रात्री तीनला मी गॅलरीतून आत आलो तर हा किचनच्या खिडकीशी अंधारात उभा राहून बिस्किटं खात होता, अख्खा पुडा संपवलेला. कानाखाली दिली. तीन-चारदा असंच पकडलंय. मिसेस म्हणते तुम्हीच हल्ली फार चिडता. कंपनीत आमचं डिपार्टमेंट बंद झाल्यापासून मी घरीच असतो, चोवीस तास लक्ष देतो, तरी सुधारणा नाही. दिसायला जाडाही नाही, फक्त पोट आहे. काय करू?

उत्तर:

दादा, बिस्किटांचं नंतर बघू. आधी मला सांगा, रात्री तीनला तुम्ही गॅलरीत काय करत होता?

अख्ख्या पत्रात मुलगा काय खातो, किती वाजता खातो, कुठे उभा राहून खातो सगळं आहे आणि स्वतःबद्दल जेमतेम अर्धं वाक्य. तीन-चारदा पकडलंय म्हणता, म्हणजे तितक्या वेळा तुम्हीही जागेच होतात ना. पाणी प्यायला उठलेला माणूस गॅलरीतून आत येत नाही हो. मध्यरात्री जाग येते मग झोप लागत नाही, बारीकसारीक गोष्टीवर भडका उडतो, काम गेल्यापासून घरात बसून, मी डॉक्टर नाही आणि निदानही करत नाहीये, पण हे सगळं एकत्र कुठल्याही डॉक्टरला सांगून बघा, तो आधी डिप्रेशनबद्दलच विचारेल. पुरुषांचं डिप्रेशन बऱ्याचदा रडत नाही, ते ओरडतं, कपाटाला कुलूप लावतं.

आता त्या खिडकीकडे या. तुमच्या किचनच्या खिडकीतून गॅलरी दिसते का? मला वाटतंय दिसते. सातवा मजला हे तुम्ही लिफ्टच्या नादात लिहून गेलात, पण तुमच्या पोराच्या डोक्यात तो मजला रोज रात्री असणार. नोकरी गेलेला बाप रात्री तीनला सातव्या मजल्याच्या गॅलरीत एकटा उभा आहे, दहावीतल्या मुलाने यातून काय समजायचं? माझा अंदाज विचाराल तर तो खायला उठतच नाहीये, तुम्ही आत येईपर्यंत तो तिथे थांबतो आणि थांबताना हातात काहीतरी हवं म्हणून पुडा. आणि तुम्ही आत येऊन त्याच्या कानाखाली दिलीत. अंदाज चुकला असेल तर चुकू दे, थप्पड तरीही चुकीचीच होती.

शुगरचं म्हणाल तर एचबीएवनसी 5.7 ते 6.4 प्रीडायबेटीस आणि 6.5 पासून पुढे डायबेटीस, म्हणजे 6.1 वरून मागे फिरता येतं. मानेवरचा पट्टा मळ नाहीये, कोणाला घासू देऊ नका, शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाहीये त्याची ती खूण. बारीक अंग आणि पोट यातही नवल काही नाही, तुमच्या पुण्यातच केईएम हॉस्पिटलला डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी कितीतरी वर्षं हेच दाखवून दिलंय की आपली बाळं वजनाला कमी पण अंगात चरबी जास्त अशीच जन्माला येतात. त्यात वयात येताना इन्सुलिनचा असर तसाही कमी होतो, वरून झोप मोडलेली, मनात धास्ती, म्हणजे कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढणार आणि ते शुगर अजून वर ढकलणार. एकही बिस्किट न खाता तो नुसता तीनला खिडकीशी उभा राहिला तरी त्याच्या तब्येतीला ते भोवतंच. तुमच्या डाएट चार्टमध्ये याला रकाना नाही.

2006 साली अमेरिकेत मर्ना वाइसमन आणि त्यांच्या टीमने 151 आया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास छापला होता. उपचारांनी ज्या आयांचं डिप्रेशन तीन महिन्यांत गेलं त्यांच्या मुलांचेही मानसिक त्रास कमी झाले, ज्यांचं गेलं नाही त्यांच्या मुलांचे उलट वाढले. अभ्यास आयांचा होता आणि शुगरचा नव्हता, मला माहितीये. पण बापाचं मन बिघडलं तर घराला काही लागत नाही असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

तर एकच काम सांगते. या आठवड्यात सायकियाट्रिस्टकडे जा. डाएटिशियन नाही, मुलासाठी काउन्सेलर नाही, तुमच्या नावाचा केसपेपर काढा. पिंपरीच्या वायसीएमला, म्हणजे महापालिकेच्या हॉस्पिटलला, गेलात तरी चालेल, पैशाचं कारण मला सांगू नका. थायरॉइड, बी-ट्वेल्व्हच्या टेस्ट सांगितल्या तर करून टाका. गोळ्या दिल्या तर चार दिवसांत फरक नाही म्हणून परस्पर बंद करायच्या नाहीत, त्यांना काही आठवडे लागतात. मिसेसना सोबत न्या, नुसतं 'चिडता' म्हणून त्यांनाही मोकळं होता येणार नाही. तोवर रात्री जाग आली तर गॅलरीत जायचं नाही, 14416 लावायचा, टेलिमानस, मानसिक त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. आणि गॅलरीत उभं असताना नको तो विचार एकदा जरी मनात येऊन गेला असेल तर हे उत्तर इथेच ठेवा, आधी मिसेसना उठवा आणि फोन लावा.

मुलाची टेस्ट डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला परत करा, तोपर्यंत त्याच्या मागे लागू नका. फरसाणचं कुलूप आजच काढा. आणि डॉक्टरकडे निघताना त्याला "बँकेत जाऊन येतो" असलं काही सांगू नका, त्याला कळतं. रात्री झोप येत नाही म्हणून डॉक्टरकडे चाललोय, एवढंच सांगा आणि निघा.